कलता बोल

लॉन बोल्सचा खेळाडू नेम धरतो, पण जिथे पोचायचं असतं तिथे धरत नाही. जॅक नावाचा छोटा चेंडू समोर तीसेक मीटरवर दिसत असतो आणि हा माणूस त्याच्याकडे पाठ फिरवल्यासारखा उजवीकडच्या मोकळ्या गवताकडे रोखून पाहतो. मग वाकून हातातला गोळा सोडतो. गोळा सांगितल्याप्रमाणे चुकीच्या दिशेने निघतो. अर्ध्याहून जास्त वाट तो तसाच जातो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, गेला वाया. आणि मग, वेग उतरू लागला की, गोळा डावीकडे झुकतो, वळतो, आणखी वळतो आणि शेवटच्या दोन-तीन हातांत जवळजवळ आडवा येत जॅकपाशी टेकतो.

या खेळातला गोळा म्हणजे बोल. दोन वर्षांत एखाद्या वेळी आपल्या वर्तमानपत्रांत हा खेळ डोकावतो तेव्हा त्याला ‘लॉन बॉल’ म्हणतात. पण तो बॉल नव्हे, बोलच. मराठीत बोल म्हणजे उच्चारलेला शब्द, आणि गंमत अशी की या खेळात बोलाशी बोलण्याची पद्धतही आहे. गोळा हातातून सुटला की जगज्जेतेपद पटकावलेली माणसंसुद्धा त्याच्यामागे चार पावलं धावतात आणि ‘थांब, थांब’, ‘अजून थोडं’ अशी आर्जवं करतात. गोळा अर्थातच ऐकत नाही. त्याचं वळण कारखान्यातच ठरलेलं असतं.

आकाराने बोल साधारण सोललेल्या नारळाएवढा. व्यास 112 ते 134 मिलिमीटर आणि वजन जास्तीत जास्त 1.59 किलो. दुरून तो गोल दिसतो, पण हातात घेतला की लक्षात येतं, हा गोल नाही. दोन बाजूंनी चेपलेला आहे आणि दोन्हीकडे सारखा चेपलेला नाही. दोन्ही बाजूंवर वर्तुळं कोरलेली असतात, एकीकडे मोठं आणि दुसरीकडे लहान. लहान वर्तुळ ज्या बाजूला, त्या बाजूला बोल वळणार. हे समजायला अर्धं मिनिट पुरतं, पण विसरायला त्याहून कमी वेळ लागतो. बोल हातात उलटा धरला गेला तर तो जॅककडे यायच्या ऐवजी वळत वळत शेजारच्या सामन्यात शिरतो. नवशिक्याकडून असं झालं तर लोक सांभाळून घेतात. मुरलेल्याकडून झालं तर चहाच्या वेळेपर्यंत विषय पुरतो.

या वळणाला इंग्रजीत ‘बायस’ म्हणतात. सर्वेक्षणांतला बायस, पत्रकारितेतला बायस, मनातला बायस असं आपण मराठीतही आता बिनदिक्कत म्हणतो. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ तिरका. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत रुळला तो या खेळाच्या हिरवळीवर. एका बाजूला ओढ असलेला गोळा, आणि त्यावरून एका बाजूला ओढ असलेलं मन. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे, कल. भिंत कलते, मुलाचा चित्रकलेकडे कल असतो, मतमोजणीच्या दिवशी सकाळी नऊपासून कल हाती येऊ लागतात. बोलाचा बायस म्हणजे त्याचा कल, आणि पुढे मी तोच शब्द वापरणार आहे.

हा कल येतो कसा? बोलाच्या पोटात एका बाजूला काही जड भरलेलं असतं असा सर्वसाधारण समज आहे. जुन्या काळी शिसं भरण्याचे प्रकार झालेही. आजच्या बोलात मात्र लपवाछपवी नाही. सगळा गोळा एकाच कठीण प्लास्टिकचा, फक्त त्याचा घाट तिरपा. ज्या रेषेवर तो जमिनीला टेकून घरंगळतो, ती रेषा बरोबर मध्यावर नसते, त्यामुळे वजनाचं केंद्र किंचित एका अंगाला राहतं. गुरुत्वाकर्षण त्याला सतत त्या अंगावर पाडू पाहतं.

मग तो सरळ आडवा का होत नाही? गावाकडे काठीने टायर पळवलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. वेगात पळणारा टायर डावीकडे कलला तर तो पडत नाही, डावीकडे वळतो. फिरत्या वस्तूला पाडायला जावं तर ती पडण्याऐवजी आपला अक्ष फिरवते. टायर जोरात असला की वळण मोठं, लांबच लांब. वेग उतरला की वळण आखडतं, आणि शेवटी तो स्वतःभोवती घिरट्या घालत जमिनीवर निजतो. बोलाचं हेच होतं. सुटताना त्याच्या फिरण्यात जोर असतो, कलाला दाद मिळत नाही, म्हणून वाट जवळपास सरळ. वेग कमी होत गेला की तोच कल वरचढ ठरतो. म्हणून बोलाची वाट कंपासने काढलेल्या कमानीसारखी नसते. आधी लांबट आणि शेवटी आकड्यासारखी वाकलेली असते. जोरात फेकला तर कल जवळजवळ नाहीसा होतो. प्रतिस्पर्ध्याने जॅकभोवती कोंडाळं केलं असेल तेव्हा ते उधळून लावायला असा सरळसोट, धडाकेबाज फटका मारतात, त्याला ‘ड्राइव्ह’ म्हणतात. प्रेक्षक त्याला टाळ्या देतात, पण मोठ्या स्पर्धा जिंकून देतो तो बहुधा ‘ड्रॉ’, म्हणजे हळुवार सोडलेला आणि हवा तिथे येऊन निजणारा बोल.

कलाच्या जन्माची एक कथा इंग्लंडात सांगतात. 1522 साली सफोकच्या ड्यूकचा बोल खेळताना फुटला. तो घरात धावला, जिन्याच्या कठड्याचा लाकडी गोळा कापून आणला आणि खेळू लागला. कापलेली बाजू सपाट, त्यामुळे गोळा वळू लागला आणि लोकांना ते आवडलं. कथा झकास आहे, म्हणूनच थोडी जपून घ्यावी. खेळ त्याहून पुष्कळ जुना आहे. साउदॅम्प्टनची एक हिरवळ 1299 पासूनची म्हणून ओळखली जाते. आठव्या हेन्रीच्या राज्यात, 1541 मध्ये, कारागीर, मजूर, शिकाऊ पोरं अशा सामान्यांनी बोल्स खेळू नये असा कायदा झाला. मोकळीक फक्त नाताळात, तीही मालकाच्या घरी. कामधंदा सोडून लोक गोळे घरंगळवत बसतात आणि त्यावर पैसे लावतात, ही तक्रार. जमीनदारांना मात्र परवाना काढून आपल्या वाड्यात खुशाल खेळता येई. हा कायदा 1845 पर्यंत पुस्तकात होता. म्हणजे आज ज्याला निवृत्तांचा निरुपद्रवी विरंगुळा म्हणतात, तो तीनशे वर्षं गरिबांसाठी गुन्हा होता.

खेळाला आजचं रूप स्कॉटलंडने दिलं. ग्लासगोच्या विल्यम मिचेलने नियम बांधले आणि 1864 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्याआधी 1830 मध्ये एडविन बडिंगने गवत कापायचं यंत्र काढलं होतं, आणि माझ्या मते या खेळाच्या इतिहासात राजेरजवाड्यांपेक्षा या यंत्राचं श्रेय मोठं आहे. विळ्याने कापलेल्या गवतावर कलाचं गणित जमणं कठीणच. इंग्लंडची राष्ट्रीय संघटना 1903 मध्ये उभी राहिली आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले डब्ल्यू. जी. ग्रेस. होय, तेच दाढीवाले क्रिकेटमहर्षी. उतारवयात त्यांना या खेळाचं वेड लागलं होतं. दोनच वर्षांनी, 1905 मध्ये, कार्डिफला आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झालं. तोवर स्थलांतरितांच्या पेट्यांतून बोल जगभर पोचले होते. ऑस्ट्रेलियातला पहिला डाव टास्मानियात होबार्टजवळ 1845 मध्ये झाल्याचं सांगतात.

आता एक डाव जवळून बघू. एका दिशेने चाललेल्या खेळाला ‘एंड’ म्हणतात. जमिनीवर छोटी रबरी चटई टाकतात. सोडताना एक पाय तिच्यावर टेकलेला किंवा तिच्या वर हवेत असावाच लागतो. पहिला खेळाडू जॅक घरंगळवतो. जॅकला कल नसतो, तो खराखुरा गोल, सहा सेंटिमीटरच्या थोडा वर, छोट्या संत्र्याएवढा. तो चटईपासून किमान 23 मीटर लांब गेला पाहिजे. मग तो नेमका मध्यरेषेवर आणून ठेवतात आणि दोन्ही बाजू आळीपाळीने बोल सोडतात. एकेरीत प्रत्येकाला चार बोल, चौघांच्या संघात प्रत्येकी दोन. सगळे बोल संपले की हिशेब अगदी गोट्यांच्या खेळासारखा डोळ्यांदेखत होतो. जॅकला सगळ्यात जवळ कोणाचा बोल? त्यालाच गुण. आणि प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या बोलाहून त्याचे जितके बोल आत, तितके गुण. हरलेल्या बाजूला त्या एंडला शून्य.

चौघांत कामं वाटलेली असतात. पहिला ‘लीड’, त्याने जॅकपाशी ठाणं मांडायचं. दुसरा त्याची डागडुजी करतो. तिसरा मोजमाप बघतो आणि कप्तानाशी सल्लामसलत करतो. शेवटचा ‘स्किप’. तो आधी पलीकडच्या टोकाला जॅकजवळ उभा राहून हातवारे करत बाकीच्यांना वाट दाखवतो, आणि सगळ्यांचं खेळून झालं की चालत अलीकडे येऊन शेवटचे बोल स्वतः टाकतो. म्हणजे तिघांनी मांडलेला संसार सावरायचा किंवा मोडायचा तो स्किपने.

जॅक हलतो, हे या खेळातलं खरं नाट्य. गोट्यांत गल जागची हलत नाही. इथे लक्ष्यालाच धक्का मारून आपल्या माणसांत ओढून नेता येतं. एकेक बोल टाकून उभारलेली प्रतिस्पर्ध्याची तटबंदी जागच्या जागी राहते आणि जॅक दीड मीटर मागे सरकून तुमच्या दोन बोलांच्या कुशीत जातो. सरकताना तो मैदानाच्या कडेच्या चरात पडला तरी जिवंत राहतो. बोल मात्र चरात पडला की बाद, अपवाद एकच. घरंगळताना ज्याने जॅकला स्पर्श केला असेल तो बोल चरातही जिवंत. अशा बोलाला ‘टचर’ म्हणतात आणि लगेच त्याच्यावर खडूने खूण करतात. जागतिक अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यातही खेळाडूच्या खिशात खडू असतो, हे मला फार आवडतं. दोन बोलांत केसाचं अंतर असलं की पंच गुडघ्यांवर बसतो, फीत ताणतो, तेवढ्याने निकाल लागला नाही तर बारीक पट्ट्यांची मापं काढतो. त्या वेळी आठ खेळाडू ओणवून, गुडघ्यांवर हात ठेवून, श्वास रोखून उभे असतात.

या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदा 1966 मध्ये सिडनीत भरली, आणि ती फक्त पुरुषांची होती. एकेरी जिंकली ती इंग्लंडच्या डेव्हिड ब्रायंटने. सॉमरसेटमधल्या क्लीव्हडनचा हा शाळामास्तर पुढे या खेळाचा चेहरा बनला, कारण त्या चेहऱ्यात कायम पाइप असे. पुष्कळदा विझलेला. चटईवर आला की तो आधी पार उकिडवा बसे, वाट न्याहाळे, मग उठता उठता त्याच लयीत बोल सोडून देई, आणि पाइप दातांतून तसूभर हलत नसे. 1966 नंतर तो 1980 मध्ये मेलबर्नजवळच्या फ्रँकस्टनला आणि 1988 मध्ये ऑकलंडला पुन्हा एकेरीचा विजेता ठरला. पहिल्या आणि तिसऱ्या विजेतेपदात बावीस वर्षांचं अंतर, आणि तिसऱ्या वेळी वय 56. राष्ट्रकुल स्पर्धेतली एकेरीची चार सुवर्णं वेगळी. त्यानंतर 1992 आणि 1996 ची एकेरी त्याच्याच देशाच्या टोनी ऑलकॉकने जिंकली. या दोघांनी जोडीने बंदिस्त सभागृहातल्या गालिच्यावरची जागतिक दुहेरी सहा वेळा जिंकलेली आहे.

दर चार-एक वर्षांनी स्पर्धा फिरत राहिली. 1972 ला इंग्लंडमधलं वर्दिंग, 1976 ला जोहान्सबर्ग. तिथे यजमान दक्षिण आफ्रिकेने चारही सुवर्णपदकं नेली. असं दुसऱ्या कोणाला जमलेलं नाही, पण हा पराक्रम सांगताना साल विसरता येत नाही. तो गोऱ्यांचाच संघ होता, आणि त्यानंतर काही महिन्यांतच सोवेटोत शाळकरी पोरांवर गोळ्या झाडल्या गेल्या.

बायकांची जागतिक स्पर्धा 1969 मध्ये सुरू झाली, तीही सिडनीतच, पण निराळी. एकेरीची पहिली विजेती पापुआ न्यू गिनीची ग्लॅडिस डॉइल. तेव्हा तो प्रदेश ऑस्ट्रेलियाच्या प्रशासनाखाली होता. पुढे जवळपास चाळीस वर्षं पुरुष एका गावात आणि बायका दुसऱ्या गावात, बहुधा दुसऱ्या खंडात, असा कारभार चालला. 1996 घ्या. पुरुष अ‍ॅडलेडला, बायका इंग्लंडमधल्या लेमिंग्टन स्पाला. संघटना वेगळ्या, करंडक वेगळे. पुरुषांच्या सांघिक विजेत्याला लेनर्ड करंडक, बायकांच्या विजेत्याला टेलर करंडक.

हे वेगळेपण मला कधी पटलं नाही. गोळाफेकीत बायकांचा गोळा हलका असतो, भालाफेकीत भाला हलका. इथे काहीच हलकं नाही. तीच हिरवळ, तोच जॅक, तेच 23 मीटर, तेच बोल. बोलाचा आकार ज्याच्या त्याच्या पंजाप्रमाणे, बाई-बाप्याप्रमाणे नाही. ताकदीचा प्रश्न ड्राइव्हपुरता, आणि ड्राइव्हने जगज्जेता ठरत नाही हे वर आलंच. तरीही एकाच गावात, एकाच वेळी दोघांची स्पर्धा व्हायला 2008 साल उजाडावं लागलं. ते गाव न्यूझीलंडमधलं क्राइस्टचर्च. त्या वर्षी बायकांची एकेरी यजमानांच्या व्हॅल स्मिथने जिंकली आणि पुरुषांची मलेशियाच्या सफुआन सैदने. ब्रिटिश बेटं आणि त्यांच्या जुन्या वसाहतींतल्या गोऱ्या क्लबांपलीकडे खेळ खरोखर गेला, असं म्हणायला मला तो दिवस पुरेसा वाटतो. त्यानंतर 2012 ला अ‍ॅडलेड आणि 2016 ला पुन्हा क्राइस्टचर्च. दोन्हीकडे बायकांच्या एकेरीत ऑस्ट्रेलियाची कॅरन मर्फी. 2020 ची स्पर्धा कोविडने खाल्ली. ती अखेर 2023 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या गोल्ड कोस्टला झाली. पुरुष एकेरीत आयर्लंडचा गॅरी केली, महिला एकेरीत न्यूझीलंडची टेला ब्रूस. याच केलीला वर्षभरापूर्वी राष्ट्रकुल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या ॲरन विल्सनने 21-3 असं धुऊन काढलं होतं. हा विल्सन जिंकल्यावर अंगातला शर्ट काढून गरगर फिरवतो. म्हाताऱ्यांचा खेळ म्हणणाऱ्यांनी ते चित्रण एकदा पाहावं.

अशा स्पर्धेत देशाचे पाच पुरुष आणि पाच बायका. प्रकार चार, एकेरी, दुहेरी, तिघांचा आणि चौघांचा. हिशेब पाहण्यासारखा आहे. दुहेरीचे दोन आणि तिघांचे तीन मिळून पाच. एकेरीचा एक आणि चौघांचे चार मिळून पुन्हा पाच. म्हणून दुहेरी आणि तिघांचे सामने एका टप्प्यात, एकेरी आणि चौघांचे दुसऱ्यात. कोणी बाकावर बसत नाही आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन प्रकार येतात. छोट्या देशांना हे फार सोयीचं. पाच चांगली माणसं जमली की संघ उभा.

आणि जमतातही. 1972 ची दुहेरी हाँगकाँगने नेली. 1996 ची महिला एकेरी जिंकणारी कार्मेन अँडरसन नॉरफोक बेटाची. प्रशांत महासागरातल्या त्या ठिपक्याची लोकसंख्या दोन हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं मध्यम खेडं. कुक बेटांना राष्ट्रकुल स्पर्धेतलं पहिलंवहिलं पदक 2018 मध्ये मिळालं ते याच खेळात. जिथे पन्नास मीटरचा जलतरण तलाव बांधणं परवडत नाही, तिथे चाळीस मीटरची सपाट हिरवळ राखता येते.

हिरवळ राखणं हे मात्र प्रकरणच आहे, आणि जगज्जेतेपदाची खरी परीक्षा तिथेच होते. टेनिसमध्ये माती, गवत, सिमेंट असा भेद आपण जाणतो. मैदानी बोल्समध्ये बहुतेक गवतच, पण गवतागवतात फरक जमीन-अस्मानाचा. हिरवळीचा वेग सेकंदांत मोजतात. बोल सुमारे 27 मीटर जाऊन थांबायला किती सेकंद लागतात, तो त्या हिरवळीचा आकडा. इंग्लंडातल्या ओलसर, मऊ गवतावर दहा-बारा सेकंद. न्यूझीलंडमधल्या चांगल्या हिरवळीवर पंधरा, कधी त्याहूनही जास्त. आता विचारा, वेगवान हिरवळ कोणती? ज्या हिरवळीवर जास्त वेळ लागतो ती.

हे ऐकून मी पहिल्यांदा बुचकळ्यात पडलो होतो, मग कागदावर मांडून पाहिलं. अंतर ठरलेलं आहे, बोलाने तिथे जाऊन थांबायचं आहे. गवत अडवणारं असेल तर सोडतानाच जोर द्यावा लागतो, गोळा झपकन जातो आणि झपकन थांबतो. दहा सेकंदांच्या हिरवळीवर सुरुवातीचा वेग ताशी एकोणीस किलोमीटरच्या आसपास हवा. पंधरा सेकंदांच्या गुळगुळीत हिरवळीवर ताशी तेराच पुरे. तिथे बोल अलगद सोडायचा, तो रेंगाळत, रमतगमत जातो आणि वाटेत जास्त वेळ मंद असल्यामुळे त्याचा कल भरपूर बोलतो. म्हणजे नेम जॅकपासून आणखी दूर धरायचा. इंग्लंडात हाताला बसलेली वाट न्यूझीलंडमध्ये वापरली की बोल जॅक ओलांडून चराकडे, आणि उलट केलं तर तो अर्ध्या वाटेवर झोपणार. पुन्हा सकाळच्या दवात आकडा एक, दुपारी ऊन तापल्यावर दुसरा. एकाच पट्टीवर जाताना वाट वेगळी, उलट दिशेने येताना वेगळी. म्हणून खेळाडू जातानाही बोटांनी, तळव्यांनी गवत चाचपताना दिसतात.

न्यूझीलंडच्या कित्येक हिरवळींवर तर गवत नसतंच. कोट्युला नावाची तिथली जमिनीलगत पसरणारी वनस्पती असते, शेवंतीच्या कुळातली. मुळात ती तण म्हणून उपटून टाकत, मग कोणाच्या तरी लक्षात आलं की बोल त्यावर अधिक सुरेख धावतो. आणि ऑस्ट्रेलियातल्या उन्हाळी हिरवळींवर जे ‘काउच’ गवत पोसतात, ते आपलं अगदी ओळखीचं. सायनोडॉन डॅक्टिलॉन, म्हणजे हरळी. शेतकरी जिच्या मुळ्या खणून खणून थकतो ती, आणि भाद्रपदात जिच्या तीन-तीन पात्यांच्या जुड्या आपण गणपतीला वाहतो ती दूर्वा. तिच्या संकरित जाती काही मिलिमीटरांवर कातरून त्यावर जगज्जेतेपदं ठरतात.

बोल पूर्वी लिग्नम व्हिटी नावाच्या लाकडाचे असत. हे लाकूड इतकं घट्ट की पाण्यात बुडतं. पण लाकूड हवेप्रमाणे फुगतं, आटतं, आणि त्याबरोबर कलही बदलतो. 1930 च्या सुमारास ऑस्ट्रेलियातल्या हेन्सेल कुटुंबाने प्लास्टिकचे बोल बनवले आणि ही डोकेदुखी संपली. आता प्रत्येक बोलाच्या कलाची चाचणी होते, ठरवून दिलेल्या नमुन्याच्या बोलापेक्षा त्याचं वळण कमी असता कामा नये, आणि पास झाला की सालासह शिक्का बसतो. कमी कलाचा बोल नेम धरायला सोपा, म्हणून किमान कल नियमाने बांधून दिला आहे. दुसऱ्या कुठल्या खेळात साधन वाकडंच असलं पाहिजे असा नियम आहे, मला तरी आठवत नाही.

भारताला हा खेळ खऱ्या अर्थाने माहीत झाला तो 2 ऑगस्ट 2022 रोजी. बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेतले बोल्सचे सामने लेमिंग्टन स्पाच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये होते. महिलांच्या जागतिक स्पर्धा 1996 आणि 2004 मध्ये भरल्या त्याच गावात. भारताच्या चौघींत लव्हली चौबे लीड, मग पिंकी, तिसरी नयनमोनी सैकिया, आणि स्किप रूपा रानी तिर्की. उपांत्य फेरीत त्यांनी न्यूझीलंडला 16-13 असं हरवलं होतं. अंतिम सामना दक्षिण आफ्रिकेशी, पंधरा एंडचा. भारताने घेतलेली आघाडी आफ्रिकेने खाऊन टाकली, सामना 10-10 असा बरोबरीत आला, आणि तिथून पुढे आफ्रिकेला एकही गुण मिळाला नाही. 17-10, सुवर्ण. भारतीय पुरुषांच्या चौघांनी चारच दिवसांनी रौप्य आणलं.

चौघींपैकी दोघी झारखंडच्या, एक आसामची, एक दिल्लीची. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेसाठी दिल्लीत आणि 2011 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी रांचीत हिरवळी तयार झाल्या. स्पर्धा संपल्यावर बांधकामं धूळ खात पडतात हा आपला नेहमीचा अनुभव, पण या हिरवळी खेळत्या राहिल्या. हिरवळ जगवायची तर रोज कोणीतरी तिला पाणी घालतं, कातरतं, रोलर फिरवतं. आणि एंड संपला की कोणीतरी सोळाही बोल गोळा करून, टचरवरची खडूची खूण अंगठ्याने पुसून, चटई उचलून पलीकडच्या टोकाला नेऊन टाकतं. आता तिकडून इकडे खेळायचं. मघाशी उजव्या हाताला असलेला मातीचा उंचवटा आता डाव्या हाताला.